टाइमलॅप्स ते बैलगाडी: दादासाहेब फाळके यांनी पडदा गावात कसा नेला?

फोनमधला टाइमलॅप्स मोड तुम्ही वापरलाच असेल. थोड्या थोड्या वेळाने एकेक फोटो घ्यायचा आणि सगळे पटापट दाखवायचे, एवढीच त्यामागची युक्ती. १९१२ मध्ये एका मराठी माणसाने हीच युक्ती वाटाण्याच्या रोपावर करून पाहिली. रोप भराभर वाढताना पाहून लोक चकित झाले आणि सिनेमासाठी पैसे उभे राहिले. तो माणूस म्हणजे दादासाहेब फाळके.

मी लेण्याद्रीच्या पायथ्याचा. आमच्याकडे आजी-आजोबांच्या पिढीने सिनेमा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत. आता ते तंबू गेले. पण थिएटर नाही तर पडदाच गावात न्यायचा, हे काम फाळके त्याच्याही कितीतरी आधी करत होते. म्हणून आज त्यांच्याबद्दल सांगतो.

फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. मध्ये ते चित्रकला शिकले, मग फोटोग्राफी आणि छपाईचा धंदा केला. पुढे मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात एकच वेड शिरलं: आपल्या गोष्टी पडद्यावर आणायच्या. इतके सिनेमे पाहिले की काही काळ डोळ्यांनी दिसेनासं झालं! तरी विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणि मशीन आणलं.

त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकंसुद्धा स्वतःच पाडावी लागत. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. प्रोजेक्टर याच भोकांत दात अडकवून फिल्म पुढे ओढतो. प्रत्येक चित्र क्षणभर दिव्यासमोर थांबतं, ते सरकताना शटर उजेड अडवतं आणि आपल्याला हालचाल दिसते. भोकं वाकडी पडली की चित्र थरथरलंच म्हणून समजा.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पण शहराबाहेरच्या लोकांचं काय? फाळके प्रोजेक्टर आणि फिल्म बैलगाडीत घालून गावोगावी खेळ करू लागले. पुढे तंबूवाल्यांनी हेच केलं. तंबूत तर पडदा मधोमध असायचा आणि दोन्ही बाजूंनी लोक बसायचे. कापडातून उजेड आरपार जातो, म्हणून मागच्यांनाही सिनेमा दिसे, फक्त उलटा. पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी!

१९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटांचा जमाना संपला. फाळके यांनी १९३७ मध्ये 'गंगावतरण' हा बोलपट केला, पण जम बसला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

मला खरी हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. त्यांनी ९० हून जास्त सिनेमे केले, पण आज त्यातले मोजकेच, तेही तुकड्यांत उरलेत. ती नायट्रेटची फिल्म चटकन पेट घ्यायची, नाहीतर सडायची. आणि जपून ठेवलेली दुसरी प्रत बहुतेक वेळा नसायचीच.

तुमच्याही फोनमध्ये गावची जत्रा असेल, आजीचा आवाज असेल. फोन पडला की सगळं गेलं. म्हणून आजच त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर टाका. पाच मिनिटांचं काम आहे.