गुलाबाचा काटा

बोटात काटा रुतला आणि तो लगेच काढला नाही, तर ती जागा लाल होते, सुजते आणि ठणकू लागते. पुढे तिथे पू जमतो. पुवात रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात, हे डॉक्टरांना पूर्वीच माहीत होते. पण त्या तिथे कशासाठी येतात? १८८० च्या सुमारास बऱ्याच डॉक्टरांना वाटे, की याच पेशी रोगाचे जंतू उचलून शरीरभर पसरवतात. म्हणजे पहारेकऱ्यालाच त्यांनी चोर ठरवले होते! हा आरोप खोटा ठरवणारे शास्त्रज्ञ म्हणजे एली मेचनिकॉव्ह. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते.

(उर्दूत पेशी म्हणजे कोर्टातील हजेरी. मराठीतील ही पेशी वेगळी आहे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिला खलिया म्हणतात.)

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ साली खारकोव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. पाच भावंडांत ते शेंडेफळ. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला आणि पुढे ते ओदेसा येथे प्राध्यापक झाले. बुद्धी तल्लख होती, पण स्वभाव तापट. वाद घालायला त्यांना निमित्तही पुरत नसे.

त्यांची पहिली पत्नी लुदमिला क्षयाने आजारी होती. लग्नाच्या दिवशी तिला चालवत नव्हते, म्हणून खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षे मेचनिकॉव्ह तिला घेऊन उबदार हवेच्या गावांत फिरले, पण १८७३ साली ती वारली. त्या दुःखात त्यांना जगणे नकोसे झाले होते. त्यातच त्यांचे डोळेही अधू झाले होते आणि सूक्ष्मदर्शकात पाहणे कठीण झाले होते. दोन वर्षांनी त्यांनी ओल्गा हिच्याशी विवाह केला. तिने त्यांना जन्मभर साथ दिली.

१८८२ मध्ये विद्यापीठातील राजकारणाला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली आणि इटलीतील मेसिना या समुद्रकाठच्या गावी मुक्काम केला. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली. मेचनिकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समोर तारामाशाच्या इवल्याशा अळ्या होत्या. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. अशाच पेशी अन्नाचे कण गिळतात, हे त्यांना ठाऊक होते. एकाएकी त्यांच्या मनात आले, ज्या पेशी अन्न गिळतात, त्या शरीरात घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील काय?

त्यांनी बागेतून गुलाबाचे बारीक काटे आणले आणि अळ्यांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. पहाटे उठून पाहतात, तो त्या फिरत्या पेशींनी काट्याला चहूबाजूंनी वेढा घातला होता! तारामाशाच्या अळीला आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे पेशी रक्ताच्या ओघाने वाहत आल्या नव्हत्या, त्या आपण होऊन चालत आल्या होत्या.

पण काटा हा काही जंतू नव्हे. म्हणून मेचनिकॉव्ह यांनी पाणपिसू नावाचा पाण्यातील बारीक जीव घेतला. एका बुरशीचे सुईसारखे टोकदार बीज त्याच्या आतड्याला भोक पाडून शरीरात शिरते. पेशींनी ते गिळून टाकले, तर पाणपिसू वाचे. पेशी कमी पडल्या, तर बुरशी वाढे आणि पाणपिसू मरे. जगण्यामरण्याची ही लढाई त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. या पेशींना त्यांनी फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, असे नाव दिले.

जर्मनीतील शास्त्रज्ञांना हे पटले नाही. १८८७ मध्ये मेचनिकॉव्ह बर्लिनला रॉबर्ट कोख यांना भेटले, पण त्यांनी थंडेपणाने ऐकून घेतले. ओदेसात मेचनिकॉव्ह लशींच्या केंद्राचे प्रमुख होते. हा माणूस डॉक्टरच नाही, अशी तिथल्या डॉक्टरांची तक्रार होती. अखेर १८८८ मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. पुढे त्यांचा ओदेसाचा एक विद्यार्थीही तिथे आला. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. प्लेगची लस तयार करून १८९७ साली मुंबईत ती प्रथम स्वतःला टोचून घेणारे हाफकिन ते हेच. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

इकडे वाद पेटतच गेला. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटते, त्यात एकही पेशी नसते. तरी ते काही जंतूंना मारते, असे दिसून आले. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी अशा पाण्यात जंतूंच्या विषावरचा उतारा असतो, हे सिद्ध केले. मग भक्षक पेशी हव्यातच कशाला, असे विरोधक विचारू लागले. मेचनिकॉव्ह हटले नाहीत. वीस वर्षे ते प्रयोगामागून प्रयोग करत राहिले. खरे तर दोन्ही बाजूंच्या हाती अर्धे अर्धे सत्य होते, पण मागे सरायला कोणीच तयार नव्हते.

१९०३ मध्ये लंडनला आल्मरॉथ राइट यांना वेगळेच दिसले. रक्तजलातील काही द्रव्ये जंतूंना चिकटतात आणि मग भक्षक पेशी तेच जंतू चटकन गिळतात. कोरडा घास रश्शात बुडवला की सहज गिळता यावा, तसे हे झाले. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तजलाच्या बाजूचे पाउल एर्लिक यांना विभागून मिळाले. भक्षक पेशी गिळलेल्या जंतूचे तुकडे दुसऱ्या पेशींना दाखवून त्यांना सावध करतात, हे तर पुढच्या शास्त्रज्ञांनी शोधले.

म्हातारपणी त्यांना वेगळाच ध्यास लागला. आतड्यातील वाईट जंतूंमुळे माणूस लवकर म्हातारा होतो, असे त्यांचे मत झाले. म्हणून ते रोज आंबवलेले दूध घेत. दह्याने आयुष्य वाढते, हे काही सिद्ध झाले नाही. आतड्यातील जंतूंचा अभ्यास मात्र आज जगभर चालू आहे.

१५ जुलै १९१६ रोजी पॅरिस येथे, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मरणानंतर आपली आतडी नीट तपासून पाहा, असे त्यांनी सोबत्याला सांगून ठेवले होते. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.