टाट्राचे लेडविंका

मराठी विषय घेऊन बी. ए. करणारी मुलगी ट्रकवर लेख लिहिते आहे, याचे आमच्या वर्गात बरेच हसे झाले. दोष माझ्या मामांचा. ते सैन्यात ड्रायव्हर होते. सुट्टीवर आले की टाट्रा ट्रकच्या गोष्टी सांगत. मामा ‘टाटा’चा उच्चार चुकीचा करतात, अशीच लहानपणी माझी समजूत होती. रिकामी टाट्रा उभी असली की तिची चाके खालच्या अंगाने आत झुकलेली दिसतात आणि माल चढला की सरळ होतात, असे ते सांगत. असे का होते, हे शोधता शोधता मी हान्स लेडविंका यांच्यापर्यंत पोहोचले.

लेडविंकांचा जन्म १८७८ साली व्हिएन्नाजवळ झाला. १८९७ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ते मोराव्हियातील कोपर्झिव्हनित्से गावच्या कारखान्यात लागले. कारखाना मूळचा घोडागाड्यांचा. त्याच वर्षी तेथे पहिली मोटार तयार झाली. पुढे दोन वेळा त्यांनी ही नोकरी सोडली आणि दोन्ही वेळा ते परत आले.

१९२३ साली आलेली टाट्रा ११ ही त्यांची खरी कामगिरी. तोवर मोटारीचा पाया म्हणजे दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. लेडविंकांनी हे सारे काढून टाकले आणि मधोमध एकच जाड नळी घातली, पाठीच्या कण्यासारखी. पुढच्या टोकाला इंजिन, तेही पाण्याऐवजी हवेने थंड होणारे. चाके फिरवणारा दांडा नळीच्या आत, धूळ-चिखलापासून सुरक्षित. मागच्या चाकांचा आस अखंड नव्हता. त्याचे दोन अर्धे भाग पक्ष्याच्या पंखांसारखे वरखाली होत. डावे चाक खड्ड्यात गेले तरी उजव्याला त्याचा पत्ता नसे. मामांच्या कोड्याचे उत्तर हेच. भार पडला की ते पंख आडवे होतात आणि चाके सरळ उभी राहतात.

१९३४ साली टाट्रा ७७ आली. थेंबाच्या आकाराची, इंजिन मागे. नंतरच्या टाट्रा ९७ शी जर्मनीच्या फोल्क्सवागनचे इतके साम्य होते की, साठच्या दशकात त्या कंपनीने टाट्राच्या जुन्या मालकांना पैसे देऊन तडजोड केली.

पण माझे मन अडकले ते १९४५ या सालात. युद्ध संपले आणि जर्मनांशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून लेडविंकांना तुरुंगात टाकण्यात आले. कारखाना जर्मन सैन्यासाठी ट्रक बनवीत होता, हे खरेच आहे. त्यामुळे त्यांची बाजू डोळे मिटून घेणे मला जमत नाही. मात्र युद्धकाळातच सुरू झालेला टाट्रा १११ हा ट्रक नव्या राजवटीने १९६२ पर्यंत अभिमानाने बनवला. ट्रक माफ झाला, माणूस नाही! लेडविंका कोठडीत असतानाच कारखान्यातून टाट्राप्लान मोटारी बाहेर पडू लागल्या. इंजिन मागे, हवेने थंड होणारे. १९५६ साली आलेली टाट्रा ६०३ कम्युनिस्ट अधिकाऱ्यांसाठी राखीव असे. सामान्य माणसाने ती रस्त्यावरून जाताना पाहावी, एवढेच. १९५९ मध्ये हान्झेल्का आणि झिकमुंड हे चेक प्रवासी आशियाच्या सफरीवर निघाले, भारतातही आले, ते टाट्रा ८०५ या छोट्या ट्रकमधून. तिच्याही पोटात तीच नळी.

१९५१ मध्ये सुटका झाल्यावर लेडविंका कारखान्यात परतले नाहीत. आधी ऑस्ट्रियात, मग म्युनिकमध्ये राहिले. तेथेच १९६७ साली त्यांचे निधन झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा डाग पुसला तो १९९२ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

१९८६ च्या करारानंतर बंगळूरच्या बीईएमएलमार्फत टाट्रा आपल्या सैन्यात आली. पुण्याच्या एआरडीईने घडवलेली पिनाक रॉकेटे तिच्याच पाठीवरून सुटतात. मामांनी ती वर्षानुवर्षे हाकली. तिच्या कर्त्याचे नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हते. गेल्या दिवाळीत मी ते सांगितले. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिले, थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारले की, सुटला तेव्हा म्हाताऱ्याचे वय काय होते. मी सांगितले, त्र्याहत्तर.