सभागृहातले बाबासाहेब : स्वच्छ कारभार आणि पोलिसांचा दंडुका

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्या तरुणांच्या डोळ्यांसमोर चवदार तळे येते, संविधान येते, दीक्षाभूमी येते. पण १९२७ पासून १९५६ पर्यंत, मधले थोडे खंड सोडले तर, बाबासाहेब कोणत्या ना कोणत्या कायदेमंडळात बसत होते. तिथे त्यांनी दोन प्रश्न पुन्हा पुन्हा मांडले. जनतेच्या पैशाचा हिशेब कोण देणार? आणि सुरक्षेच्या नावाखाली सरकारच्या हाती किती अधिकार द्यायचे?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी लष्करातले. घराणे कोकणातल्या आंबडवे गावचे. पुढे कोलंबिया आणि लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्था व रुपयाचा प्रश्न यांवर ग्रंथ लिहिले. त्यामुळे फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात नियुक्त सभासद म्हणून ते आले, तेव्हा अर्थसंकल्प वाचता येणारा माणूस सभागृहाला मिळाला. पहिल्याच भाषणात त्यांनी महसुलावर बोट ठेवले. ठरावीक मिळकतीपर्यंत प्राप्तिकर माफ, पण शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी त्याला शेतसारा भरावाच लागतो, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता.

त्याच वर्षी २० मार्चला महाड घडले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. तरीही पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. कागदावर हक्क असून भागत नाही, तो वापरणाऱ्याला संरक्षण लागते, हा धडा त्या दिवशी मिळाला. पुढे अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात अस्पृश्यांना पोलिस दलात भरती करण्याची शिफारस होती. आमच्या वडखळ परिसरात पहाटे रस्त्याच्या कडेने धावत पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हा इतिहास माहीत असायला हवा. खाकी वर्दीचा दरवाजा आपोआप उघडलेला नाही.

१९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेत आले. सरकार बाळासाहेब खेरांचे. ऑगस्टमध्ये मंत्र्यांच्या पगाराचे विधेयक आले, दरमहा पाचशे रुपयांचे. त्याग म्हणून त्याचे कौतुक चालले असताना बाबासाहेबांनी वेगळी बाजू मांडली. पगार ठरवताना देशातले राहणीमान पाहावे, पण त्याबरोबर मंत्र्याची पात्रता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धताही पाहावी, असे त्यांचे म्हणणे होते. पगार फारच तुटपुंजा ठेवला तर मंत्रिपद श्रीमंतांपुरते उरते किंवा मोहाला वाट मिळते. प्रामाणिकपणा नुसत्या साधेपणाच्या देखाव्याने येत नाही, त्याला व्यवस्थेचा आधार लागतो.

सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. आपल्या कुलाबा जिल्ह्यात तेव्हा चरीचा शेतकरी संप चालू होता. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणासह अनेक जिल्ह्यांतले हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर मोर्चाने गेले. त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. संपाआधी सक्तीची तडजोड आणि बेकायदा ठरलेल्या संपासाठी तुरुंग, असा त्याचा रोख होता. शांतता हवी म्हणून कामगाराला काम करायला भाग पाडणे ही गुलामगिरीच, अशी भूमिका बाबासाहेबांनी सभागृहात घेतली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला, त्यात पोलिसांनी गोळीबार केला. चौकशी समितीचा अहवाल आला, तेव्हा बाबासाहेबांनी सभागृहात सरकारला धारेवर धरले. सत्ता आपल्या देशबांधवांच्या हाती आली म्हणून गोळीचा जाब विचारण्याचा हक्क संपत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

संविधान सभेत हेच दोन धागे दिसतात. मे १९४९ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांवर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी या पदाला संविधानातले बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद मानले. सप्टेंबरमध्ये त्यांनी आजच्या अनुच्छेद २२ ची तरतूद मांडली. अटकेचे कारण सांगणे, वकिलाची मदत आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे ही हमी त्यात आहे. मात्र त्याच अनुच्छेदात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेलाही जागा आहे. ती देशाच्या तेव्हाच्या परिस्थितीत टाळता येणार नाही, असे त्यांचे मत होते. अनेक सभासदांनी त्यावर टीका केली. आपण तीही वाचावी. भक्ती म्हणून नव्हे, अभ्यास म्हणून वाचले तरच बाबासाहेब कळतात.

१९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडले. मतभेद असताना खुर्ची धरून बसायचे नाही, ही त्यांची सचोटी. १९५२ पासून ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण होईपर्यंत ते राज्यसभेत होते. शेवटच्या वर्षी त्यांनी धम्म दिला. न दिलेले घेऊ नये हे दुसरे शील घराइतकेच सरकारी तिजोरीलाही लागू आहे, असे आम्ही मानतो.

जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. आपल्यातले किती जण त्याचा मसुदा वाचून बोलले? ग्रामसभेत लेखापरीक्षणाचा अहवाल किती जण मागतात? रस्त्यावरची घोषणा हवीच. पण बाबासाहेब सभागृहात येत ते कागद वाचून. मोर्चात जाताना आपल्याही पिशवीत विधेयकाची प्रत असू द्या, आणि ग्रामसभेला जाताना माहिती अधिकाराचा अर्ज.

जय भीम! नमो बुद्धाय!