बाबासाहेबांनी आरोग्याची लढाई पाणवठ्यापासून सुरू केली

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला चवदार तळ्यावर जातो, ओंजळभर पाणी पितो आणि बाबासाहेबांना अभिवादन करतो. हा संगर समतेचा आणि मानवी हक्कांचा होता, हे आपण सगळेच जाणतो. तो आपल्या आरोग्याचाही लढा होता, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. म्हणून यावेळी बाबासाहेबांचे जीवन आपण या बाजूने पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमराव जन्मले. रामजी सुभेदार आणि भीमाई यांचे ते चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी मोजकीच जगली. भीम पाच-सहा वर्षांचा असतानाच आईही गेली. पुढे बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच लेकरांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार बालपणीच दगावली. एकटे यशवंतराव मोठे झाले. परदेशातील उच्च पदव्या मिळवलेल्या माणसाच्या घरची ही स्थिती, तर वस्तीतल्या इतर घरांची काय असेल?

पाण्याचा चटका त्यांना लहानपणीच बसला होता. १९०१ साली वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरलेल्या भावंडांची जात कळल्यावर वाटेत त्यांना कोणी पाणी दिले नाही. सोबत शिदोरी होती, पण प्यायला स्वच्छ पाणी नव्हते. मुले तशीच उपाशी झोपली.

आता महाडकडे येऊ. सावित्रीकाठचे हे बाजाराचे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. आजचा हा रायगड. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण पाणी समुद्राला जाऊन मिळते आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. अशा वेळी सार्वजनिक तळे म्हणजे गावाचा जीव. चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, आपल्या माणसांना होता. सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही तळ्यात उतरायची कोणाची छाती झाली नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे अशा कार्यकर्त्यांनी ती उभी केली. तळे हाकेच्या अंतरावर असूनही परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! राजरत्नाला जाऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. ते दुःख उरात ठेवून बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि पाणी प्याले. मागोमाग हजारो माणसे प्याली.

याच परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडायला सांगितले. ही स्वाभिमानाची शिकवण होती, तशीच आरोग्याचीही होती. पुढे सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात शेण आणि गोमूत्राचे घडे ओतले. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारे शुद्ध ठरले आणि तहानलेले अशुद्ध! तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

पाण्यानंतर भाकरीचा प्रश्न. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून खोतांविरुद्ध संप केला. बाबासाहेब १९३४ च्या डिसेंबरात त्यांच्या परिषदेला गेले. राबणाऱ्याच्या घरी धान्य उरत नसेल तर त्याच्या पोराच्या अंगी बळ कुठून येणार? १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले.

स्त्रियांच्या आरोग्याकडेही त्यांचे लक्ष होते. १९२८ मध्ये गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून ते कायदेमंडळात बोलले. पुढच्याच वर्षी तसा कायदा झाला. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करणे, खाणीतील स्त्रियांना प्रसूतीलाभ, कामगारांसाठी आरोग्यविमा ही कामे त्यांच्या खात्याने हाती घेतली. आज अनेक घरांत असलेल्या ईएसआय कार्डाची सुरुवात तिथली आहे.

संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ते वाचताना आम्हाला महाडच आठवते. कलम ४२ प्रसूतीसाहाय्याविषयी बोलते, तर कलम ४७ लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य ठरवते.

स्वतः बाबासाहेब मात्र मधुमेहाने खंगत गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना धम्माचा मार्ग दाखवून अवघ्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

माणूस किती जगेल हे दवाखान्याइतकेच त्याचे पाणी, अन्न, काम आणि समाजातील स्थान ठरवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ मध्ये सांगितले. बाबासाहेब हे १९२७ पासून कृतीने सांगत होते. प्रश्न अजून मिटलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतात दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. ही वर्षे कोणी हिरावली?

तेव्हा यंदा महाडला जाऊन आल्यावर आपापल्या वस्तीकडेही पाहू या. नळाला पाणी किती वेळ येते, ते पिण्याजोगे आहे का, गटार कुठे तुंबते, गरोदर भगिनींची तपासणी वेळेवर होते का, अंगणवाडीत आहार मिळतो का, याची नोंद विहारात ठेवू आणि ती घेऊन ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जाऊ. चवदार तळ्याच्या त्या ओंजळीशी हेच खरे इमान.

महामानवास विनम्र अभिवादन. जय भीम!