क्रॉयडनहून डार्विनला : एमी जॉन्सन

नकाशावर दोन गांवांमधील अंतर मोजावयास विद्यार्थी लहानपणींच शिकतात. परंतु तें अंतर तोडावयास किती वेळ लागेल, हें नकाशा सांगत नाहीं. लंडनजवळील क्रॉयडनचा विमानतळ आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन यांच्यामध्यें सरळ रेषेनें सुमारें ८,६०० मैल भरतात. १९३० सालीं क्रॉयडनहून डार्विनला एकटीनें विमान नेणाऱ्या एमी जॉन्सनचें अल्पचरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजीं इंग्लंडांतील हल या बंदरांत झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर तिनें लंडनमध्यें एका वकिलाच्या कचेरींत नोकरी धरली. फावल्या वेळांत ती विमान चालविण्यास शिकली; परंतु तेवढ्यानें तिचें समाधान झालें नाहीं. तेलानें हात काळे करून घेऊन यंत्र उघडणें, जुळविणें व दुरुस्त करणें हेंही ती शिकली आणि १९२९ सालीं तिनें विमान-यंत्रज्ञाचा परवाना मिळविला. ब्रिटनमध्यें असा परवाना मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

वडिलांच्या व लॉर्ड वेकफील्ड यांच्या साहाय्यानें तिनें एक वापरलेलें 'जिप्सी मॉथ' विमान विकत घेतलें, त्यास 'जेसन' असें नांव दिलें आणि ५ मे १९३० रोजीं क्रॉयडन सोडलें. बर्ट हिंकलर या वैमानिकानें १९२८ सालीं हा प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. तो विक्रम मोडावा, ही तिची आकांक्षा होती. कराचीस ती सहा दिवसांत पोंचली, तेव्हां ती हिंकलरच्या दोन दिवस पुढें होती. झांशी, कलकत्ता असे मुक्काम करीत ती रंगूनजवळ आली. पण तेथें एका मैदानावर उतरतांना विमान चरांत गेलें आणि पंख व चाकें मोडलीं. स्थानिक लोकांच्या मदतीनें दुरुस्ती करण्यांत मोलाचे दिवस गेले. २४ मे रोजीं ती डार्विनला उतरली, तेव्हां साडेएकोणीस दिवस झाले होते. विक्रम हुकला, पण हा प्रवास एकटीनें करणारी पहिली स्त्री तीच ठरली.

येथें विद्यार्थ्यांनीं एक हिशेब करून पाहावा. ठिकठिकाणीं उतरावें लागल्यामुळें तिचा मार्ग सुमारें ११,००० मैलांचा झाला. विमानाचा वेग ताशीं सुमारें ८५ मैल धरला, तर आकाशांत सुमारें १३० तास, म्हणजे साडेपांच दिवसच गेले. उरलेले चौदा दिवस पेट्रोल भरणें, यंत्र तपासणें, दुरुस्ती व विश्रांति यांत गेले. म्हणजे तिची खरी परीक्षा जमिनीवरच झाली, आणि तेथें तिला तारलें तें कारखान्यांत शिकलेल्या विद्येनें.

१९३२ सालीं तिनें लंडन-केपटाउन प्रवासाचा विक्रम केला. दुसऱ्या महायुद्धांत विमानें पोंचविण्याचें काम करीत असतां, ५ जानेवारी १९४१ रोजीं, थेम्स नदीच्या मुखाशीं तिला मृत्यूनें गांठलें. पुढें २०१८ सालीं लंडन व पर्थ यांमधील सुमारें ९,००० मैल कोठेंही न थांबतां सुमारें सतरा तासांत ओलांडणारी विमानसेवा सुरू झाली. त्या वेगामागें ज्यांचे कष्ट आहेत, त्यांत एमीचें नांव विद्यार्थ्यांनीं आदरानें घ्यावें, आणि हातीं घेतलेल्या साधनाची तिच्यासारखीच पूर्ण ओळख करून घ्यावी, अशी आमची इच्छा आहे.