जलपरीचे पाय

सिलिकॉनचे मत्स्यपुच्छ चढवून पाण्यात जलपरीसारखे विहरणे हा आज जगभर अनेकांचा छंद झाला आहे. काहींचा तर तो व्यवसायच आहे. या कलेचा माग काढत मागे गेले, की गाठ पडते ती ॲनेट केलरमन या ऑस्ट्रेलियन जलतरणपटूशी. पाण्यातल्या हालचालींसाठी जगाने जिला डोक्यावर घेतले, त्या ॲनेटला बालपणी जमिनीवर धड चालताही येत नव्हते.

६ जुलै १८८६ रोजी सिडनीच्या मॅरिकव्हिल उपनगरात तिचा जन्म झाला. वडील व्हायोलिनवादक, तर फ्रेंच आई पियानोवादक. पाय दुबळे असल्याने ॲनेटला पोलादी पट्ट्या बांधाव्या लागत. पायांत बळ यावे म्हणून सहाव्या वर्षी तिला सिडनीच्या कॅव्हिल तलावात पोहायला घातले गेले. तेराव्या वर्षापर्यंत पाय जवळजवळ पूर्ववत झाले आणि १९०२ मध्ये तिने न्यू साउथ वेल्सच्या महिला स्पर्धांत शंभर यार्ड व एक मैल ही दोन्ही अजिंक्यपदे पटकावली. मेलबर्नमध्ये काचेच्या टाकीत माशांच्या संगतीने पोहण्याचे प्रयोगही तिने केले.

१९०५ मध्ये वडिलांसोबत ती इंग्लंडला गेली. पुटनी ते ब्लॅकवॉल असे टेम्स नदीतील लांब अंतर पोहून तिने लंडनचे लक्ष वेधले. इंग्लिश खाडी पार करण्याचे तिचे तीनही प्रयत्न मात्र फसले. लंडनच्या बाथ क्लबमध्ये राजघराण्यातील पाहुण्यांसमोर उघड्या पायांनी पोहण्यास मनाई झाली, तेव्हा तिने पोहण्याच्या पोशाखाला लांब मोजेच शिवून टाकले. त्या काळी स्त्रिया झालरींचा जड पोशाख घालून पाण्यात उतरत. अशा पोशाखात डुंबता येते, पोहता येत नाही, हे ती हिरिरीने मांडत राहिली. अंगासरशी एकसंध पोशाख तिच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. त्यापायी अमेरिकेच्या किनाऱ्यावर आपल्याला अटक झाल्याची हकिकत ती पुढे सांगत असे. समकालीन कागदपत्रांत मात्र तिला पुष्टी मिळत नाही.

पायांच्या मोकळीकीसाठी झगडणाऱ्या ॲनेटने पडद्यावर मात्र स्वेच्छेने पाय बांधून घेतले. १९११ च्या ‘द मर्मेड’ या मूकपटात तिने खरोखर पोहता येईल असे मत्स्यपुच्छ वापरले. असे पोशाख ती स्वतः आखत असे, प्रसंगी स्वतःच तयारही करी. आजच्या पुच्छांचे सिलिकॉन तेव्हा उपलब्धच नव्हते. पुच्छात दोन्ही पाय जखडले जातात. एकेक पाय मारण्याची सोय उरत नाही. छातीपासून निघालेली लाट कंबर, मांड्या आणि घोट्यांतून शेवटच्या पराकडे न्यावी लागते. श्वासावर ताबा आणि सर्वांगात ताकद नसेल, तर हे पुच्छ जिवावर बेतू शकते.

ही जोखीम नुसती कल्पनेतली नव्हती. बर्म्युडात ‘नेपच्यून्स डॉटर’चे (१९१४) चित्रीकरण सुरू असताना काचेची टाकी फुटून ती आणि दिग्दर्शक हर्बर्ट ब्रेनन जखमी झाले. त्यानंतरही १९१६ मध्ये ‘अ डॉटर ऑफ द गॉड्स’ व १९१८ मध्ये ‘क्वीन ऑफ द सी’ हे तिचे चित्रपट आले. १९१८ मध्येच ‘हाऊ टू स्विम’ हे तिचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. पोहणे ही चमत्काराची नव्हे, तर कोणत्याही स्त्रीने शिकावी अशी गोष्ट आहे, हा तिचा आग्रह होता. पुढे १९५२ मध्ये तिच्या आयुष्यावर ‘मिलियन डॉलर मर्मेड’ हा चित्रपट निघाला आणि एस्थर विल्यम्सने तिची भूमिका केली.

१९७० मध्ये ॲनेट मायदेशी परतली. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिदालनात तिचा समावेश झाला आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये तिचे निधन झाले. तिच्या पोशाखांचा मोठा संग्रह तिने सिडनी ऑपेरा हाऊसच्या स्वाधीन केला होता. तिची रक्षा ग्रेट बॅरियर रीफच्या पाण्यात सोडण्यात आली.