दार उघडंच ठेवलं

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव नावाचं स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. मैत्रिणींनो, रमाबाई म्हटलं की बऱ्याचजणींच्या डोळ्यांपुढे न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी येतात. त्या वेगळ्या, या वेगळ्या. मात्र दोघींची चांगली ओळख होती. आपल्या या रमाबाईंविषयी शाळेच्या पुस्तकात एक ओळ असायचीच, की पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या एका ओळीपायी बाईंनी काय काय सोसलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, वेदशास्त्रसंपन्न. लोकांचा रोष पत्करून त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं लेकीला. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडायचं. जवळ होतं नव्हतं ते दानधर्मात संपलं आणि मग दुष्काळ आला. काही महिन्यांच्या अंतरानं आधी वडील गेले, मग आई, पाठोपाठ थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. शेवटी दोघेजण आले, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आईची तिरडी डोक्यावर घेतली. स्मशान बरंच लांब होतं. पुढे भावाबरोबर पायी भटकताना थंडीत पांघरूण नव्हतं, तर झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून दोघं गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपली. इतकी व्रतं, इतकी दानं करून देव का पावला नाही, हा प्रश्न मनात शिरला तो या दिवसांत.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. मग भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पटकीनं नवराही गेला. चोविसाव्या वर्षी वैधव्य आलं आणि कडेवर लहान मूल. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिला, ऐकू कमी येऊ लागलं, त्यामुळे डॉक्टरकी राहिलीच.

तिथे वाँटेजच्या सिस्टरांकडे त्या राहत. लंडनजवळ फुलहॅमला या सिस्टर वाट चुकलेल्या बायकांना आधार देत. समाजानं ओवाळून टाकलेल्या बाईशी कुणी इतक्या मायेनं वागतं, हे रमाबाईंना नवं होतं. विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो, ती गोष्ट त्यांना तिथेच भिडली. त्याच सुमारास बरोबर आलेल्या मैत्रिणीनं, आनंदीबाई भगत यांनी, आत्महत्या केली. परक्या मुलखात हा केवढा घाव! २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली.

आपल्याला वाटेल, चला, बाई सुटल्या. पण खरी झटापट पुढेच होती. सिस्टर जेराल्डिन त्यांची धर्ममाता. जे शिकवलं जाईल ते मुकाट्यानं मानावं, अशी तिची अपेक्षा. रमाबाई विचारायच्या, त्रैक्याचा सिद्धांत बायबलात कुठे आहे? क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत? बाईनं पुरुषांना शिकवू नये, हे बिशप कशाच्या आधारावर म्हणतात? मांसाहार त्यांनी केला नाही तो नाहीच. जेराल्डिनला यात अहंकार दिसला. रमाबाईंनी तिला स्पष्ट कळवलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून आलेय, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. चेल्टनहॅमच्या मिस बील यांनी मात्र त्यांचे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले. प्रश्न विचारत राहूनही रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. सोडणं किती सोपं होतं! पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवलं, की आपल्याला धर्म सापडला होता, पण ख्रिस्त आत्ता भेटला.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या, पण खोलीचं दार उघडं असायचं. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. दार लावून घ्या, मुलींना येऊ देऊ नका, असा आग्रह झाला. त्या तयार झाल्या नाहीत. आईबापांची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्यांनी विश्वासानं लेकी ठेवल्या होत्या आणि त्यातल्या काही पुढे ख्रिस्ती झाल्याच. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पंचवीसेक मुली घरच्यांनी काढून नेल्या. वर्तमानपत्रांनी झोडपलं ते वेगळंच. इंग्लंडात हट्टी ठरल्या, पुण्यात धर्मबुडव्या.

तीन वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे उपाशी मुलीबायका घेऊन आल्या. स्वतःची भूक विसरल्या नव्हत्या ना! केडगावचं मुक्ती सदन वाढलं ते तिथून. शाळा, माग, तेलघाणा, आंधळ्या मुलींसाठी वर्ग आणि बायकांनीच चालवलेला छापखाना.

उतारवयात त्यांनी शेवटचं काम हातात घेतलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबल सोप्या मराठीत आणू लागल्या, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं. इतरांच्या अर्थावर किती दिवस विसंबायचं? जवळपास अठरा वर्षं हे काम चाललं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती एकुलती एक लेक. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कान जवळजवळ गेलेले. त्या पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला झोपेतच त्यांनी जग सोडलं. केडगावच्या मुलीबायकांनी खिळे जुळवून छापलेलं ते बायबल १९२४ साली बाहेर आलं.